विलास ओव्हाळची फक्की

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक माणूस आंधळ्यासारखा चाचपडत चालला आहे. नेसूचं धोतर, अंगात पांढरा सदरा, टोपी घडी करून खिशात घातलेली, आणि डोळ्यांवर पट्ट्याने आवळलेला काळा डबा. दोन्ही हातांत दोन काळ्या मुठी. मागच्या भिंतीवर घरांचे नकाशे टांगलेले. एक बाई हसू दाबत त्या माणसाच्या मागेमागे फिरते आहे, तो भिंतीवर आपटू नये म्हणून दोन्ही हात पसरून. डाव्या टेबलापाशी एक पुरुष. त्याची पाठ सगळ्यांकडे, डोकं संगणकात. स्थळ गेवराई, बाजाराच्या मागच्या गल्लीतलं एक शटरचं दुकान. प्रेक्षकांत मी एकटा, दारातल्या खुर्चीवर, चहाची वाट बघत.

धोतरवाला चालता चालता थांबला. वाकून त्याने पायातल्या चपला काढल्या, हाताने बाजूला सारल्या, आणि एक पाय गुडघ्यापर्यंत उचलून पुढे टाकला. पुढे नुसती सपाट फरशी होती.

“चपला कावून काढल्या, तात्याबा?” मी विचारलं.

“घरात शिरलो ना, नाना.” तात्याबाने आवाजाच्या दिशेला डबा वळवला. “अन् मॅडम, उंबरा लई उंच झालाय. आमची म्हातारी अडखळंल.”

बाई उजव्या टेबलाकडे गेली, माऊस दोनदा दाबला. “आता बघा.”

तात्याबा उलट्या पावली बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. या वेळी पाय वीतभरच उचलला. “आता बरं हाय. येऊ द्या म्हातारीला.”

डाव्या टेबलावरचा पुरुष मान न वळवता म्हणाला, “नकाशात उंबरा मी कमीच दिलता.”

ते कोणीच ऐकलं नाही. तात्याबा न बांधलेल्या स्वयंपाकघरात पोचला होता आणि न बसवलेल्या खिडकीतून वाकून आपला मोसंबीचा बाग दिसतो का ते बघत होता.

ही गोष्ट त्या डाव्या टेबलावरच्या माणसाची. त्याचं नाव विलास ओव्हाळ. गाव तलवाडा, धंदा घरांचे नकाशे काढण्याचा, वय पंचेचाळिशीच्या आसपास. त्याचं दुकान माझ्या घराला लागून आहे. आमचं कलापथक बंद पडल्यापासून माझी सकाळ त्याच दारात जाते. मी राजे केले, सरदार केले, म्हातारपणी सासरेही केले, पण विलाससारखं गर्दीला धरून ठेवणं मला क्वचित जमलं. हे मी उगीच म्हणत नाही.

विलास बीडच्या आयटीआयमधून आरेखक होऊन आला तेव्हा नकाशे कागदावर पेनाने निघत. पुढे संगणक आला. तालुक्यातले निम्मे आरेखक हात जोडून बाजूला झाले. विलास मात्र सायबर कॅफेतल्या पोराशेजारी स्टूल ओढून बसला आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकला. पण त्याचं नाव झालं ते संगणकामुळे नाही. त्याचं नाव झालं ते फक्कीमुळे.

पाया खोदायच्या आधी चुन्याच्या भुकटीने जमिनीवर घराच्या रेघा मारतात. ही फक्की सगळेच मारतात, दोरी धरतात, मजुराला सांगतात, घरी जातात. विलास मजुराला हात लावू देत नसे. डाव्या हातात घमेलं, उजव्या हाताच्या मुठीतून चुना सोडत तो पाठमोरा चालायचा, आणि बाई दारात रांगोळी काढते तशी सरळ रेघ समोर उमटत जायची. सगळं घर उमटलं की कुटुंबाला बोलवायचं. मग त्याचा खरा खेळ सुरू व्हायचा.

“हा दरवाजा. चपला बाहेर. आजी पहिली.”

आजी आत येणार. तिच्यामागे सून, लेकरं. रेघेवरून कोणी उडी मारली की विलास ओरडायचा, “ओ, भिंतीतून कुठं चाललात?” मग तो माणूस लाजून परत फिरायचा आणि दारातून यायचा. जिथे खांब येणार तिथे विलास माणूस उभा करायचा. भावकीतला, शेजारचा, जो हाताशी सापडेल तो. खांब झालेल्या माणसाने हलायचं नाही, बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही. बायका त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जायच्या, चूल कुठे, माठ कुठे ते ठरवायच्या. बोटाएवढ्या चुन्याच्या रेघांत लोकांना घर दिसायचं. एका म्हातारीने तर न बांधलेल्या माजघरात बसून डोळ्याला पदर लावला होता. मी तिथेच होतो, त्या घराचा मधला खांब.

यशोधरा त्याची बायको. लग्नात आली ती बीडच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन. धाकटी लेक शाळेत जायला लागल्यावर विलासनेच तिला छत्रपती संभाजीनगरला थ्रीडीचा कोर्स करायला पाठवलं. लेकीच्या वेण्या घालण्यापासून डब्यापर्यंत सगळं तेवढे महिने त्याने केलं, आणि ते करताना गल्लीभर सांगितलं, “आमची मॅडम शिकायला गेली.” तेव्हा मॅडम हा शब्द त्याच्या तोंडात गुळासारखा असे.

ती परत आली ती हा काळा डबा घेऊन. व्हीआरचा हेडसेट. लोकांनी त्याचं नाव चष्मा ठेवलं. विलासने काढलेला नकाशा ती संगणकात उभा करायची. भिंती, छत, खिडक्या, खिडकीतून येणारं ऊन. मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायची, आणि माणूस दुकानाच्या रिकाम्या फरशीवर उभा राहून स्वतःच्या घरात हिंडायचा.

पहिले काही दिवस विलासही कौतुकाने बघायचा. मग लोक दारातून विचारायला लागले, “मॅडम हायत का?”

“मी हाय की,” विलास म्हणायचा.

“तुमी हायतच हो. मॅडम?”

“बाजारात गेल्यात.”

“मग येतो थोड्या वेळानं.”

असं झालं की विलास पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचा. त्या दुकानात आता पेन्सिलीने कोणी काही काढत नाही, पण टोकं मात्र सगळ्यांना होती.

एकदा तात्याबाच्या पुतण्याने चष्मा लावलेल्या तात्याबाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर सोडला. तो तालुकाभर फिरला. त्यात तात्याबा हवेत हात फिरवून न बसवलेला नळ सोडतो आहे, यशोधरा त्याला समजावून सांगते आहे, आणि मागून विलास चहाचे कप घेऊन जातो आहे. बस, तेवढाच विलास. दुसऱ्या दिवशी पानटपरीवर कोणीतरी मला विचारलं, “नाना, त्या मॅडमनं चहाला माणूस ठेवला का?” विलास माझ्या शेजारीच होता. त्याने पान थुंकलं आणि निघाला.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. चष्मा चार्जिंगला लावलेला असायचा. विलास त्याची पिन काढून आपला फोन लावायचा. गिऱ्हाईक आलं की चष्मा मेलेला. यशोधरा नुसती पिनकडे बघायची, फोनकडे बघायची, आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, “बसा, अर्धा तास लागंल.” ती एक शब्द बोलायची नाही. विलासला तेच सोसायचं नाही.

“घाण्याच्या बैलाला झापड बांधतेत,” तो मला एकदा म्हणाला. “का बांधतेत? गोल फिरतोय ते त्याला कळू नये म्हणून. ह्या चष्म्याचं तसलंच हाय. फरशीवर गोल फिरतेत अन् म्हणतेत बंगला बघितला.”

“तू लावून बघितलास का?”

“मला कशाला? नकाशा मह्या डोक्यात हाय.”

“मग जळतोस कशाला?”

“कोण जळतंय? मीच पाठवलंतं ना तिला शिकायला?” थोडं थांबून तो म्हणाला, “फक्कीला आता कोण येतंय, नाना? दुकानातच घर बघून झालेलं असतंय. मालक म्हणतो, मार रेघा अन् जा. मी रेघा मारतो अन् येतो.”

आमच्या धंद्यात हे मी पुष्कळ पाहिलं आहे. एकाच मंडळीत नवरा-बायको असले आणि टाळी बायकोला जास्त पडायला लागली, की नवरा पडद्याआड उभा राहून टाळ्या मोजतो. त्याचं तिच्यावर प्रेम नसतं असं नाही. प्रेम असतं म्हणूनच तो दुसऱ्या कुठे जाऊन उभा राहू शकत नाही.

अशात तलवाड्याहून विहाराचं काम आलं.

वस्तीतला जुना विहार पत्र्याचा. उन्हाळ्यात तापायचा, पावसात त्यात बोललेलं ऐकू यायचं नाही. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असताना पाऊस आला की वाचणारा थांबायचा. वस्तीने सिमेंटचा विहार बांधायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष आबासाहेब साळवे, निवृत्त शिक्षक, सावकाश बोलणारे. विलास त्यांचाच विद्यार्थी. विलासचे वडील त्या पत्र्याच्या विहारात रोज झाडू मारायचे. आई सिंधुबाई अजून तलवाड्यातच राहते आणि पौर्णिमेला पहिल्या रांगेत बसते. गेवराईत कोणी काहीही म्हणो, तलवाड्याचा विहार आपल्या हातून उभा राहावा आणि लोकांनी तो आपला म्हणून दाखवावा, एवढं एकच विलासला हवं होतं. इतकं हवं होतं की काम आल्याचं त्याने यशोधरेला आधी सांगितलंच नाही. तिला सासूच्या फोनवरून कळलं.

त्याने नकाशा जीव ओतून काढला. जागा अडचणीची होती, एक कोपरा पाण्याच्या टाकीने खाल्लेला. म्हणून मूर्तीचा चौथरा मधोमध न घेता त्याने उजव्या अंगाला घेतला. छत पेलायला हॉलच्या मधून खांबांची एक रांग. रांगेच्या उजवीकडे पुरुष बसणार, डावीकडे बायका. नकाशावर वरून बघितलं तर सगळं देखणं दिसत होतं.

आबासाहेबांचा फोन आला. “विलास, नकाशा पसंत हाय. फक्त सूनबाईंना तो चष्मा घेऊन यायला सांग. तात्याबाचा व्हिडिओ समितीनं बघितलाय.”

विलासने फोन ठेवला आणि यशोधरेला निरोप सांगितला. मग म्हणाला, “दाखव. पण मह्या रेषेला हात लावायचा न्हाई. जसा नकाशा, तसा उभा कर.”

यशोधरा मान डोलावून कामाला लागली. मी दारातच होतो. संध्याकाळच्या सुमारास ती मान वळवून म्हणाली, “आवो, हे खांब एकदा बघता का?”

“काय झालं खांबांना?”

“चष्मा लावून बघा, मग बोलू.”

“रेषेला हात लावायचा न्हाई म्हणलं ना.”

“मी लावलेला न्हाई. बघा म्हणतेय.”

विलासने फोन उचलला आणि कोणाला तरी लावला. पलीकडे कोणी नव्हतं, मला स्क्रीन दिसत होती. यशोधरा परत वळली. खांब जिथे होते तिथेच राहिले.

रविवारी सकाळी वंदनेनंतर जुन्या विहारात सगळे थांबले. मलाही विलासने नेलं होतं. यशोधरेने लॅपटॉप उघडला, आणि पहिला चष्मा आबासाहेबांच्या डोळ्यांवर चढवला. ते उजव्या अंगाला, पुरुषांच्या बाजूला उभे होते. त्यांनी सावकाश मान फिरवली, मग हात जोडले, गुडघे टेकले, आणि न बांधलेल्या विहारातल्या मूर्तीला कपाळ टेकवून वंदन केलं. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

“विलास, लई चांगलं केलंस.”

विलासचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. कित्येक महिन्यांनी त्याला त्याची टाळी मिळाली, आणि ती चष्म्यातून आली म्हणून त्याने ती नाकारली नाही. समितीतल्या एकेका पुरुषाने बघितलं. सगळे खूश. मग कोणीतरी म्हणालं, “सिंधुबाईला दाखवा. लेकाचं काम हाय.”

सिंधुबाई पुढे आली. यशोधरेने चष्मा बांधला. म्हातारी म्हणाली, “उभं कावून बघू? मी काय उभी राहती का विहारात?” आणि ती बायकांच्या बाजूला जाऊन मांडी घालून बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुढे झुकली. मग मान एका बाजूला काढली, जशी गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून बघतात.

“मला मूर्ती दिसंना.”

“उजव्या अंगाला बघा, आई,” यशोधरा म्हणाली.

“उजव्याच अंगाला बघायले. खांबच खांब हायत. कुंपण घातल्यासारखं.”

 खांबांची रांग वरून बघितली तर ठिपके दिसतात. समोरून बघितली तर मधून वाट दिसते. पण तिरकी बघितली की एक खांब दुसऱ्यात मिसळतो आणि सगळी रांग मिटून भिंत होते. आणि बायकांना चौथरा तिरकाच बघायचा होता.

आबासाहेबांनी यशोधरेकडे वळून विचारलं, “सूनबाई, हे काय हाय?”

ती म्हणाली, “प्लॅन त्यांचा हाय. त्यांना विचारा.”

सगळे विलासकडे बघायला लागले. तिने त्याला दार उघडून दिलं होतं, मला तरी तसं वाटलं. विलासला वाटलं, तिने त्याला सगळ्यांपुढे उभं केलं. त्याचा चेहरा घट्ट झाला.

“चष्म्याचं तसंच असतंय,” तो म्हणाला. “जवळचं मोठं दाखवतोय. खांब एवढे जाड न्हाईत. अन् आईला मोतीबिंदू हाय.”

“मोतीबिंदू काढलाय महा,” सिंधुबाई म्हणाली.

“आई, मी एवढी वर्षं घरं बांधायलोय. चष्मा कवा आलाय? काल.”

पुरुषांनी माना डोलावल्या. त्यांना दिसलं होतं, आणि ज्याला दिसलेलं असतं त्याला न दिसणाऱ्याचं खरं वाटत नाही. शिवाय विलास त्यांचा होता. आबासाहेबांनी यशोधरेकडे एकदा बघितलं. ती लॅपटॉप बंद करत होती. मग ते म्हणाले, “ठीक हाय. पौर्णिमेला फक्की मार.”

आम्ही जीपने गेवराईला परतलो. दुकानाचं शटर वर गेल्यावर विलासने तोंड उघडलं.

“मला गावापुढं पाडायला बघायलतीस.”

“मी काय बोलले?”

“न्हाई बोललीस, तेच. बोलली असतीस तर भांडता आलं असतं.”

“मी आधी सांगितलं होतं. तुमी फोन लावून बसलात.”

“तुला ठावं होतं तर सरळ खांब हलवायचे. कोणाला कळलं असतं?”

यशोधरा थांबली. “तुमाला कळलं असतं,” ती म्हणाली. “मग तुमी म्हणला असता, माझ्या रेषेला हात लावला.”

 त्याने चष्म्याची पिन काढली, बघितली, आणि परत लावली.

पौर्णिमेच्या सकाळी तलवाड्यात वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. विलासने त्या दिवशी फक्की मारली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. पुष्कळ दिवसांनी त्याच्या रेघा बघायला माणसं जमली होती, आणि ते त्याच्या हाताला कळलं होतं. पाठमोरा चालत त्याने सगळा हॉल उतरवला. दरवाजा, पायऱ्या, उजव्या अंगाला चौथरा. चौथऱ्याच्या जागी टेबल ठेवून त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली. मग त्याने आवाज लावला.

“खांब या. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई.”

आम्ही खांब झालो. मला मधली जागा मिळाली. माझ्यामागे समितीतले चारदोन जण, आणि पुढचा खांब कमी पडला म्हणून विलास स्वतःच उभा राहिला, हात बाजूला सोडून, मान ताठ.

“हा दरवाजा. चपला बाहेर. आई पहिली.”

सिंधुबाई दरवाजातून आत आली. तिच्यामागे बायका, त्यांच्यामागे पुरुष. रेघ कोणी ओलांडली नाही. लोक हॉलभर हिंडले, खिडक्या कुठे ते बघितलं, पुरुष उजवीकडे थांबले. आता सगळे दरवाजातून बाहेर जाणार, तेवढ्यात सिंधुबाई म्हणाली, “वंदना आत घेऊ.”

“आई, अजून पाया न्हाई,” विलास समोर बघतच म्हणाला.

“तूच म्हणतोस ना, आत आलं की घर झालं. बसा गं.”

बायका मांडी घालून बसल्या, रांगेने, खांबांच्या डावीकडे. आबासाहेबांनी हात जोडले. वंदना सुरू होणार तेवढ्यात बायकांत चुळबुळ सुरू झाली. एक डावीकडे झुकली, दुसरी तिच्या मागे झुकली. माझ्या पाठीमागून कोणी हळूच म्हणालं, “नाना, जरा सरकता का?” मी खांब होतो. मी सरकलो नाही.

“मला दिसंना,” एकजण म्हणाली.

“मलाबी.”

“पुढं नानांची पाठ हाय, त्यांच्या पुढं विलासची.”

आबासाहेब उजवीकडून म्हणाले, “आमाला तर सगळं दिसायलंय.” मग त्यांनी बायकांच्या बाजूला येऊन, सिंधुबाईच्या शेजारी गुडघे टेकून बघितलं. बराच वेळ बघितलं. “विलास,” ते म्हणाले, “दोन पावलं बाजूला हो.”

“खांब सरकत न्हाई, गुरुजी,” सिंधुबाई म्हणाली. “राहू द्या. असंच होऊ द्या. रोज कसं वाटणार हाय ते कळू द्या.”

मग त्रिसरण झालं, पंचशील झालं. पुरुषांचे डोळे मूर्तीकडे होते. बायकांचे आमच्या पाठींकडे. विलास सगळ्यात पुढे, मूर्तीच्या अगदी जवळ, आणि त्याच्या मागे त्याची आई स्वच्छ आवाजात म्हणत होती. तिची वंदना तिच्या लेकाच्या पाठीला चालली होती. मी मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. विलासच्या मानेवर घाम होता आणि ऊन अजून चढलं नव्हतं.

वंदना संपली. लोक उठले, दरवाजातूनच बाहेर गेले, चहाकडे वळले. बाकीचे खांब मोडले. विलास उभाच होता. मी जरा अंतरावर पाय मोकळे करत थांबलो.

यशोधरा मागच्या रांगेत बसली होती. पांढरी साडी, पदर डोक्यावर. ती आली ती रेघेवरून सरळ नाही, दरवाजाकडून वळसा घालून. त्याच्यासमोर उभी राहिली. ती हसत नव्हती. हसली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“आईला तू शिकवलंस?” त्याने विचारलं.

“न्हाई.”

“खरं?”

“आईला कोणी शिकवावं लागतंय का?”

तो जमिनीकडे बघत राहिला, आपल्याच रेघेकडे. आबासाहेब चहाचा कप घेऊन थोड्या अंतरावर आले होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते. समितीतले दोघे त्यांच्यामागे. विलासने त्यांच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मी पुष्कळ नट पाहिले आहेत ज्यांना मोठं वाक्य म्हणायची वेळ आली की छाती फुगवावीशी वाटते. विलासने छाती फुगवली नाही. त्याने आवाज इतका खाली आणला की मला एक पाऊल पुढे यावं लागलं.

“मधले खांब काढता येतेत का, तेवढं सांग,” तो म्हणाला. “अन् हळू सांग, सगळे ऐकायलेत.”